टाचणीच्या टोकाचा मणी

जळू पोहताना आडवी असते. एवढी साधी गोष्ट, पण सरोवरात ट्राउट धरणाऱ्यांच्या डबीतल्या नकली जळवांना ती फार उशिरा जमली. शरीर चपटं करून जळू डोक्याकडून शेपटीकडे एक लाट सोडते आणि त्या लाटेच्या जोरावर पुढे सरकते. साप किंवा वाम मासा डावी-उजवीकडे वळवळतो. जळूची वळवळ वर-खाली असते. ती वेगवानही नसते. थोडं पोहते, थांबते, हळूहळू खाली जाते, पुन्हा पोहू लागते. तळाजवळून फिरणाऱ्या ट्राउटला असं भक्ष्य म्हणजे फार दमछाक न होता मिळालेला मांसल घास.

जळू म्हटलं की आपल्याला पावसाळी ट्रेक आठवतो, मोज्यातून आत शिरलेली आणि मीठ टाकल्यावर गळून पडणारी. किंवा मग आयुर्वेद आठवतो. सुश्रुतसंहितेत जळवांचे 12 प्रकार सांगितले आहेत, त्यांतले सहा सविष आणि सहा निर्विष. दोन्ही ठिकाणी संबंध रक्ताशी. गोड्या पाण्याच्या तळ्यांत राहणाऱ्या अनेक जळवा मात्र माणसाच्या रक्ताच्या वाटेला जात नाहीत. काही जाती गांडुळासारखे कृमी आणि डासवर्गीय कीटकांच्या अळ्या सरळ गिळतात, काही गोगलगायींच्या अंगातला रस शोषतात. दिवसा दगडाखाली किंवा शेवाळात दडायचं आणि उजेड कमी झाला की बाहेर पडायचं, हा बहुतेकींचा शिरस्ता. म्हणून ढगाळ दिवस, पहाट आणि संध्याकाळ या वेळा जळूच्या नकलेला अधिक मानवतात.

या प्रकरणातली नकल घडली ती उत्तर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या अंतर्भागात कॅमलूप्स या शहराभोवती पठारावर लहानमोठी असंख्य सरोवरं आहेत. पाण्यात चुना भरपूर, त्यामुळे कीटक, गोगलगायी, झिंग्यांसारखे बारीक कवचधारी जीव आणि जळवा यांची रेलचेल. यांतल्या कित्येक तळ्यांत मुळात मासे नव्हते, माणसाने रेनबो ट्राउट सोडले आणि इतक्या खाद्यावर ते झपाट्याने वाढले. सरोवरातल्या फ्लाय फिशिंगचं एक स्वतंत्र शास्त्रच मग इथे तयार झालं. ब्रायन चॅन हे इथले मत्स्यजीवशास्त्रज्ञ आणि फिल राउली हे फ्लाय बांधणारे लेखक, या दोघांनी ते शास्त्र सर्वसामान्य मासेमारांपर्यंत पोचवलं. तोल साधलेल्या, म्हणजे पाण्यात आडव्या राहणाऱ्या नकली जळूची कल्पना मात्र सीमेपलीकडची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन नावाचं शहर आहे, तिथल्या जेरी मॅकब्राइड यांची ती. राउलींनी ती उचलली, सुधारली, शिकवली आणि ती सगळीकडे गेली.

कोकणात गरी टाकून बसणाऱ्याला फ्लायचं कौतुक समजवायला थोडा वेळ लागतो. त्याच्या गळाला कोळंबी किंवा गांडूळ असतं. वास असतो, चव असते, मासा चावला तर चावत राहतो. फ्लाय म्हणजे गळाच्या दांड्यावर दोऱ्याने बांधलेली पिसं आणि केस. तिला वास नाही की चव नाही. माशाने तोंडात घेऊन ती खोटी आहे हे ओळखायला आणि थुंकून टाकायला क्षणभर पुरतो. तेव्हा तिच्याकडे भांडवल दोनच गोष्टींचं: ती पाण्यात दिसते कशी आणि हलते कशी. गंमत अशी की बांधणारे लोक रंगावर तासन्‌तास वाद घालतात, पण ती पाण्यात कोणत्या अवस्थेत लटकते आहे हे बघायची तसदी पुष्कळ जण घेत नाहीत.

जुन्या पद्धतीत यामुळे फारसं बिघडत नव्हतं. वूली बगर नावाची प्रसिद्ध फ्लाय, पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांची, दोरी ओढत ओढत पाण्यातून खेचली जाते. ओढ समोरून असल्याने ती आपोआप आडवी चालते. अडचण आली ती बोया वापरून मासेमारी सुरू झाल्यावर. पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या बोयाला ही मंडळी ‘इंडिकेटर’ म्हणतात. त्याच्याखाली ठरावीक खोलीवर फ्लाय लटकत ठेवायची आणि जवळजवळ न हलवता थांबायचं, अशी ही पद्धत. डासवर्गीय कीटकांचे कोष तळाकडून उभेच वर येतात, तेव्हा त्यांची उभी लटकणारी नकल शोभून दिसते. पण बोयाखाली जळू सोडली की काय होतं? गळाचं नेढं पुढच्या टोकाला, दोरी त्याच नेढ्यात, आणि सगळं वजन मागे. फ्लाय नाक वर, शेपूट खाली करून उभी राहते. जिवंत जळू पोहताना अशी उभी लटकत नाही.

मॅकब्राइड यांचा तोडगा पाहिला की वाटतं, हे आधी का सुचलं नाही? गळाच्या नेढ्याच्याही पुढे वजन न्यायचं. त्यासाठी कपड्यांवर टिकल्या टाचायला वापरतात तशी बारीक टाचणी घ्यायची, तिच्यात एक जड मणी ओवायचा, आणि मणी नेढ्यापुढे राहील अशा बेताने टाचणी गळाच्या दांड्यावर बांधून टाकायची. आता नेढं टोकाला उरत नाही, ते मध्ये येतं. पुढे मणी, मागे गळ, आणि दोरी धरते ती या दोहोंच्या मधोमध. कावडीच्या दोन बाजूंना सारखं वजन नसलं की वाहणारा बांबू खांद्यावरून थोडा सरकवतो. इथे नेढं हा खांदा आहे, आणि तो हलत नसल्याने मणी सरकवायचा.

हिशेबही तोच आहे. नेढ्यापासून मण्याच्या मध्यापर्यंतचं अंतर गुणिले मण्याचं वजन, हे नेढ्यापासून मागच्या भागाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर गुणिले त्याचं वजन याच्याइतकं हवं. समजा गळ आणि मागचा सगळा बाज मिळून एक भाग वजन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य नेढ्यामागे 8 मिलिमीटरवर आहे. मणी दोन भाग वजनाचा असेल तर तो 4 मिलिमीटर पुढे पुरतो. तोच मणी निम्म्या वजनाचा निघाला तर 8 मिलिमीटर पुढे न्यावा लागेल. पितळेचा मणी आणि टंगस्टनचा मणी यांत फरक साधारण एवढाच आहे. शुद्ध टंगस्टनची घनता पाण्याच्या 19.3 पट; मण्यांत मिश्रधातू असल्याने प्रत्यक्षात थोडी कमी. पितळेची साडेआठ पटीच्या आसपास, शिशाची 11.3 पट. म्हणजे पितळी मण्याने तोल साधता येतोच, पण फ्लायचं नाक लांबलचक पुढे येतं. मासा डोक्याकडून तोंड घालतो आणि गळाचं टोक कुठेतरी मागे राहतं. टंगस्टन महाग आहे. तरी इथे काटकसर करू नये असंच मी म्हणेन.

दुसरी गोष्ट गळाच्या आकाराची. साधा सरळ गळ इथे नीट चालत नाही. ‘जिग’ प्रकारचा गळ लागतो, ज्याचं नेढं दांड्याशी 60 किंवा 90 अंशांत वाकवलेलं असतं. पाण्यात हा गळ उलटा होतो, टोक वर आणि दांडा खाली, आणि नेढं दांड्याच्या वरच्या पातळीवर येतं. त्यामुळे फ्लायचं बहुतेक वजन दोरीच्या गाठीखाली लटकतं. तोल नुसता साधून भागत नाही, तो ढळला तर परत आला पाहिजे. नेढं आणि वजन एकाच रेषेत असतील तर फ्लाय ज्या कोनात ढकलली जाईल तिथेच राहील. वजन खाली असेल तर लाटेने नाक उचललं तरी ती डुलून पुन्हा आडवी होते. शिवाय टोक वर असल्याने तळाच्या शेवाळात ती कमी अडकते, हा वरचा फायदा.

आता लहान जळवांकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे आहे. गळाचे नंबर उलटे चालतात: 10 पेक्षा 12 लहान, 12 पेक्षा 14 आणखी लहान. 8 किंवा 10 नंबरच्या गळावर मोठा मणी बसवून तोल साधणं फारसं अवघड नाही. 12 आणि 14 वर, शेपटासकट अडीच-तीन सेंटीमीटरची जळू करायची म्हटली की चुकीला जागा उरत नाही. मण्याचा व्यास 3.2 मिलिमीटरवरून 2.4 वर आणला, म्हणजे फक्त पाव भाग कमी केला, तर वजन पाव भागाने कमी होत नाही. ते 42 टक्क्यांवर येतं, कारण वजन व्यासाच्या घनाने बदलतं. त्यात छिद्र लहान करता येत नाही, टाचणी तर तीच आहे. म्हणजे प्रत्यक्ष वजन 42 टक्क्यांच्याही खाली. मागच्या बाजूला गळाची तार मात्र त्याच प्रमाणात बारीक होत नाही, आणि टाचणीचा मागे बांधलेला भाग, दोरा, गोंद हे सगळं जवळपास तेवढंच राहतं. मोठ्या फ्लायचं नुसतं छोटं रूप केलं की ती शेपटीकडे कलणार हे ठरलेलंच.

यावर उपाय दोन. मणी आणखी पुढे न्यायचा, किंवा गळाच्या मानाने मोठा मणी घ्यायचा. पहिल्याने लहान फ्लायचा लहानपणाच जातो. दुसरा बरा. 12 नंबरला 2.8 मिलिमीटरचा टंगस्टन मणी शोभतो. 14 नंबरला 2.4 बसतो खरा, पण तोल जमत नसेल तर तिथेही 2.8 वापरावा. डोकं थोडं मोठं दिसतं, दिसू द्यावं. ट्राउटने मोठ्या डोक्याची तक्रार केल्याचं दिसत नाही. उभ्या लटकणाऱ्या जळूकडे तो पाठ फिरवतो, हे मात्र दिसतं.

बांधणीत निम्मं यश टाचणीवर ठरतं. मण्याच्या छिद्राची एक बाजू अरुंद असते, दुसरी रुंद. टाचणीचं डोकं अरुंद बाजूतून निसटणार नाही हे आधी पाहून घ्यावं. निसटत असेल तर कितीही गोंद लावला तरी तो मणी पहिल्या दगडाला आपटून गायब होणार. जिगसाठी म्हणून खाच पाडलेले मणी मिळतात, ते इथे नकोत, टाचणीवर ते सैल डुगडुगतात. टाचणी लांब असेल तर पक्कडीने आखूड करावी आणि मागचं टोक किंचित वाकवावं, म्हणजे दोऱ्याखालून ती पुढे ओढली जात नाही. अणकुची नसलेला गळ व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, धरून दांड्यावर आधी दोऱ्याचा एक थर द्यायचा, मग टाचणी दांड्याला समांतर ठेवून दोन्ही बाजूंनी नेढ्याभोवती आडवेतिडवे वेढे घेत घट्ट बांधायची. मणी आणि नेढं यांत साधारण मण्याएवढी फट राहावी. सुपरग्लूचा एक थेंब पुरतो. तो नेढ्यात गेला तर मात्र नंतर तळ्यावर, गार हातांनी, गोंद टोकरत बसावं लागतं.

इथे थांबून एक चाचणी करावी. पिसं बांधायच्या आधी, नुसता गळ आणि मणी नेढ्यातून दोऱ्याला टांगून पाहावा. आडवा राहिला किंवा नाक जरासं खाली गेलं तर उत्तम. शेपूट खाली गेली तर सुपरग्लू वाळण्याआधी टाचणी किंचित पुढे सरकवावी. हवेतला आणि पाण्यातला तोल मात्र तंतोतंत एक नसतो. पाणी प्रत्येक वस्तूचं वजन थोडं उचलून धरतं: टंगस्टनचं सुमारे सहा टक्के, पोलादी गळाचं सुमारे तेरा. म्हणजे पाण्यात मागची बाजू पुढच्या मानाने जास्त हलकी होते, आणि हवेत अगदी थोडी मागे कललेली फ्लाय पाण्यात सरळ येऊ शकते. पिसं आणि केसांचं तर पाण्यात वजन जवळपास उरतच नाही. उलट ओली फ्लाय पाण्याबाहेर काढून टांगली, तर शेपटीत साठलेल्या पाण्यामुळे ती मागे लोंबते आणि उगाच शंका येते. त्यामुळे बांधून झालेल्या फ्लायचा निकाल पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासातच लावावा.

त्या ग्लासातही घाई नको. नवी फ्लाय पाण्यात सोडली की केसांत अडकलेली हवा शेपटीला वर उचलते आणि सगळं छान वाटतं. बोटांनी पाण्याखाली दाबून हवेचे बुडबुडे काढावेत आणि मग पाहावं. नाक थोडं खाली असेल तर मी ती फ्लाय डबीत ठेवीन, जळू तळाकडे वळते तेव्हा अशीच दिसते. शेपूट खाली असेल तर वस्तऱ्याने सगळं कापून टाकावं, मणी वाचवावा आणि नव्याने सुरुवात करावी.

उरलेली सजावट सोपी आहे. शेपटीसाठी मॅराबू: मुळात आफ्रिकेतल्या त्याच नावाच्या बलाकाचं मऊ पीस, आता पाळीव टर्कीचं. मऊपणामुळे ते पाण्यात नुसत्या धक्क्यानेही हलतं. लांबी दांड्याएवढी, त्याहून जास्त नको; लांब शेपटीला मासा चावतो आणि गळाबाहेरच राहतो. जास्तीचं टोक कात्रीने न कापता नखांनी चिमटून तोडावं, कापलेली कड पाण्यात ठोकळ्यासारखी दिसते. अंगासाठी केस आणि चमकदार कृत्रिम धागे यांचं मिश्रण दोऱ्यावर विरळ पिळून गुंडाळायचं, मग वेल्क्रोच्या तुकड्याने विंचरून मोकळं करायचं. खारीच्या कातडीची अगदी बारीक पट्टीही लहान गळांवर सुरेख बसते. ‘विरळ’ हा शब्द इथे मनावर घ्यावा. लहान फ्लायवर भरगच्च अंग म्हणजे पाण्यात तरंगू पाहणारा कापूस. ती उशिरा बुडते आणि हलत नाही. नेढ्यापुढची फट भरायला विसरू नये. मण्यामागेही तेच केस गुंडाळून नेले की डोकं आणि धड एकसंध दिसतात, आणि शेवटची गाठ मण्याच्या लगेच मागे, टाचणीवर देता येते. नेढं केसांतून मोकळं राहिलं पाहिजे.

रंगांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काळा, काळपट तांबडा, शेवाळी आणि तपकिरी, एवढ्यावर बरंच भागतं. काळ्यात थोडे निळे किंवा जांभळे चमकदार धागे मिसळतात, त्याला ‘मार लागलेली’ जळू म्हणतात, आणि ती गढूळ पाण्यात चालते. काहींना भडक नारिंगी मणी आवडतो. जळूच्या डोक्याला नारिंगी टोपी कुठून आली, हे मासा विचारत नाही. कुतूहल जागं झालं की पुरे. शेवाळी रंगाची लहान जळू तर मासा चतुराच्या कुळातली अळी समजूनही खात असावा, कारण त्या अळ्यांचा आकार आणि हालचाल लहान जळूशी मिळतीजुळती असते.

तळ्यावर गेल्यावर पहिला प्रश्न खोलीचा. गळाला डॉक्टर वापरतात ती आर्टरी फोर्सेप लावायची, तळापर्यंत सोडायची, दोरी ताणून बोया पाण्याच्या पातळीपासून फूटभर खाली सरकवून पक्का करायचा आणि फोर्सेप काढून टाकायची. मग फ्लाय तळापासून फूटभर वर लटकते, जळूच्या आणि ट्राउटच्या रोजच्या वाटेवर. बाकीचं काम वाऱ्याने करायचं असतं. पाण्यावर बारीक लाट असेल तर बोया वर-खाली होतो आणि त्याच्याखालची जळूही वर-खाली, तीही आडवी राहून. पाणी काचेसारखं शांत असेल तर बोटांनी दोरी अगदी हळू दोन-चार इंच ओढावी आणि थांबावं. ओढताना जळू उठते, थांबल्यावर खाली बसते, आणि बहुतेक वेळा मासा ती बसत असतानाच घेतो. बोया दर वेळी बुडतोच असं नाही. कधी तो नुसता एका बाजूला कलतो, कधी लाटेबरोबर वर यायला हवा तेव्हा येत नाही. शंका आली की काठी उचलावी.

एवढं सगळं करून तोल बिघडवणारी शेवटची वस्तू म्हणजे गाठ. नेढं वाकडं असल्याने घट्ट गाठ पुढच्या किंवा मागच्या कडेला सरकून बसते, आणि तेवढ्या सरकण्यानेही फ्लाय नाक किंवा शेपूट उचलते. सैल फासाची गाठ बांधली की नेढं त्या फासात मोकळं फिरतं आणि फ्लाय आपला तोल आपण शोधते. घट्ट गाठच आवडत असेल तर ती नखाने नेढ्याच्या वरच्या मध्यावर ढकलून ठेवावी, आणि प्रत्येक मासा सोडल्यावर, प्रत्येक अडकलेलं शेवाळ काढल्यावर पुन्हा तिथेच ढकलावी. त्याच वेळी टाचणीही बोटाने चाचपावी, कारण मोठ्या ट्राउटच्या जबड्यात ती वाकते. वाकली असेल तर फोर्सेपने सरळ करून नावेच्या कडेलाच फ्लाय पाण्यात बुडवून एकदा पाहावी आणि मगच दोरी पुन्हा फेकावी.